दोन सेकंदांची मुदत : प्रयोगशाळेतल्या सॉफ्टवेअरविषयी प्रस्तावना

भारतातली वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते, अमेरिकेतली ६०. एवढासा फरक सोलापुरातल्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला कसा नडतो, ते पाहण्याजोगे आहे. अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह मोजताना विजेच्या तारांची गुणगुण रीडिंगमध्ये घुसते. ती टाळण्यासाठी उपकरण विजेच्या पूर्ण आवर्तनाएवढा वेळ मोजत राहते, म्हणजे वरचा आणि खालचा हेलकावा एकमेकांना खोडून काढतात. आपल्याकडे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. आकडा स्थिर यावा म्हणून दहा आवर्तने घेतली की २०० मिलिसेकंद जातात, आणि अशा दहा रीडिंगची सरासरी मागितली की पुरते दोन सेकंद. अमेरिकेत हेच काम सुमारे १.६७ सेकंदांत उरकते.

आता संगणकाची बाजू पाहू. उपकरणाशी बोलण्यासाठी पायथॉनमध्ये ‘पायव्हिसा’ ही लायब्ररी सर्रास वापरतात. उत्तराची वाट किती वेळ पाहायची हे आपण सांगितले नाही, तर ती २००० मिलिसेकंद थांबते आणि मग हात वर करते. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत लिहिलेला प्रोग्रॅम तिथे बिनतक्रार चालतो, कारण १.६७ हा आकडा दोनच्या आत आहे. तोच प्रोग्रॅम, तेच उपकरण आणि तीच केबल सोलापुरात जोडली की मुदत हुकते. पडद्यावर उमटते : उणे १०७३८०७३३९, टाइमआउट एक्स्पायर्ड बिफोर ऑपरेशन कम्प्लीटेड.

यानंतर काय होते ते प्रयोगशाळेत वावरलेल्या कुणालाही ठाऊक आहे. केबल काढून परत लावली जाते. संगणक रीस्टार्ट होतो. दुसरा पोर्ट, मग दुसरी केबल, मग ड्रायव्हर पुन्हा टाकणे. कुणीतरी म्हणते, मशीन बिघडले. वास्तविक उपकरण निरोगी आहे आणि त्याने मोजमापही नीट केले आहे. त्याचे उत्तर ऐकायला समोर कुणी थांबले नाही, इतकेच. यातली हळहळ वाटण्याजोगी गोष्ट अशी, की लागणारी सगळी माहिती प्रोग्रॅमपाशी होती. आवर्तने किती, सरासरी कितीची, मुदत किती, हे तिन्ही आकडे त्याच्याच हातात होते. ‘या मोजणीला किमान दोन सेकंद लागतील आणि वाट पाहण्याची मुदत दोनच सेकंद आहे, मुदत वाढवा किंवा सरासरीतली रीडिंग कमी करा’ असे वाक्य त्याला मोजणी सुरू करण्याआधीच दाखवता आले असते. ते लिहायला पाच-सहा ओळींचा कोड पुरतो.

पुढच्या प्रकरणांचा विषय हाच आहे : उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी काही न सांगता ठरून गेलेल्या गोष्टी, म्हणजे डिफॉल्ट, आणि काही बिनसले की पडद्यावर येणारी वाक्ये, म्हणजे एरर मेसेज. विज्ञानाच्या पुस्तकांत या दोहोंना जागा नसते. संशोधन निबंधात उपकरणाचे मॉडेल लिहितात, त्याची मुदत किंवा मर्यादा किती होती ते क्वचित लिहितात. प्रयोगशाळेतला वेळ मात्र मोठ्या प्रमाणात याच दोन गोष्टी खातात.

सोलापूर हे या विषयासाठी योग्य ठिकाण आहे. १ ऑगस्ट २००४ रोजी इथे एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ सुरू झाले. त्याआधी इथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्यापीठात पॉलिअ‍ॅनिलीनसारख्या वीजवाहक पॉलिमरच्या पातळ थरांपासून वायुसंवेदक बनवण्यावर संशोधन झाले आहे : अमोनियाची झुळूक लागली की थराचा रोध बदलतो आणि तो बदल सेकंदागणिक नोंदवायचा. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ पासून अभियंते घडवते आहे. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. या शहरात मोजणारी माणसे आहेत आणि मोजण्यासारखे पुष्कळ आहे. पण महागडे उपकरण विभागात बहुधा एकच असते, ते सगळ्यांना वाटून घ्यावे लागते, आणि दुरुस्तीचा माणूस बोलवायचा तर पुणे अडीचशे किलोमीटरवर. बंगळूरच्या किंवा मुंबईच्या मोठ्या संस्थेत शेजारच्या खोलीत विचारायला जाणकार सापडतो. इथे संध्याकाळी साडेसहाला सर घरी गेल्यावर विद्यार्थ्याला उत्तर देणारा एकच उरतो, तो म्हणजे पडदा. त्या पडद्याने नीट बोलावे, ही मागणी इथे जास्त निकडीची आहे.

डिफॉल्टविषयी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ते बहुतेक वेळा विचारपूर्वक ठरवलेले असतात, फक्त तो विचार वापरणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. केथलीचे २४०० हे सोर्समीटर जगभरच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळांत दिसते. रीसेट केल्यावर ते व्होल्टेज देताना प्रवाहाला १०५ मायक्रोअँपिअरची मर्यादा घालते. नाजूक सॅम्पल जळू नये म्हणून हा आकडा लहान आहे, आणि ते योग्यच आहे. पण ज्याला हे ठाऊक नाही तो व्होल्टेज वाढवत जातो, प्रवाह एका उंचीला जाऊन आडवा होतो आणि आलेखाचा माथा सपाट दिसतो. उपकरणाच्या स्वतःच्या पडद्यावर त्या वेळी मर्यादा गाठल्याची खूण लुकलुकत असते. संगणकाकडे जाणाऱ्या माहितीतही, स्थिती सांगणाऱ्या आकड्यात, त्यासाठी एक बिट राखून ठेवलेली आहे. प्रोग्रॅमने ती बिट वाचलीच नाही, तर फाइलमध्ये फक्त सपाट रेषा उरते आणि विद्यार्थी तिला पदार्थाचा गुणधर्म समजतो. कारखान्याने दिलेला डिफॉल्ट इथे दोषी नाही; निरोप मधल्या माणसाने गाळला आहे, आणि मधला माणूस म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारा.

अतिसूक्ष्म प्रवाह मोजणाऱ्या इलेक्ट्रोमीटरचेही तसेच. त्यात ‘झिरो चेक’ नावाची सोय असते. आतला संवेदनशील प्रवर्धक बाहेरच्या जोडणीपासून अलग ठेवायचा, म्हणजे तारा जोडताना त्याला धक्का बसत नाही. कारखान्याच्या मांडणीत ती चालूच असते. प्रोग्रॅम ती बंद करायला विसरला, तर तासभर वायू सोडूनही रीडिंग हलत नाही आणि एररही येत नाही.

विजेचा प्रश्न वेगळाच आहे. वीज गेली आणि आली की प्रत्येक उपकरण आपल्या सुरुवातीच्या स्थितीत उठते, आणि ही स्थिती प्रत्येकाची निराळी. काही तापमान-नियंत्रक जुने लक्ष्य लक्षात ठेवून भट्टी पुन्हा तापवायला लागतात, तर तिच्यावर नजर ठेवणारा संगणकातला प्रोग्रॅम केव्हाच बंद पडलेला असतो. रात्री कुणी नसताना सहाशे अंशांकडे निघालेली भट्टी आणि झोपलेला संगणक, ही जोडी धोकादायक आहे. ज्या शहरात वीज जाणे हा अपवाद नाही, तिथे ‘वीज परत आल्यावर हीटर बंद’ हा डिफॉल्ट आपणच लिहायला हवा. तो परदेशातून येणार नाही.

याहून घातक असतात ते आकडे, जे एरर असूनही रीडिंगसारखे दिसतात. एससीपीआय या १९९० पासून चालत आलेल्या प्रमाणित आज्ञासंचात मर्यादेबाहेरच्या मोजणीसाठी ९.९ गुणिले दहाचा ३७ वा घात हा आकडा ठरलेला आहे. उपकरण म्हणते आहे, ‘माझ्या आवाक्याबाहेर गेले’. प्रोग्रॅम तो आकडा निमूटपणे फाइलमध्ये लिहितो, आलेखाचा उभा अक्ष क्षणात आकाशाला भिडतो आणि बाकीची सगळी खरी रीडिंग तळाशी एका रेषेत चिकटतात. हे निदान डोळ्यांना दिसते. डीएस१८बी२० या स्वस्त तापमान-संवेदकाचे फसवणे जास्त सूक्ष्म आहे. वीज मिळताच त्याच्या स्मृतीत ८५ अंश सेल्सिअस हा आकडा असतो. खऱ्या मोजणीला पाऊण सेकंदापर्यंत वेळ लागतो. त्याआधी वाचले, किंवा मध्येच वीज डळमळली, की ८५ हातात पडते. आर्डुइनोची प्रचलित लायब्ररी संवेदकाची तार निघाल्यावर उणे १२७ देते. सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखालच्या सौर शुष्ककात डाळिंबाचे दाणे वाळत असतील, तर उणे १२७ वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येईल. ८५ मात्र सहज पटून जाते, आणि त्या दिवसाची सरासरी बिघडते.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी आर्डुइनोवर प्रोग्रॅम चढवताना ‘नॉट इन सिंक’ हे शब्द दहा वेळा ओळीने पाहतात. कारण बोर्ड चुकीचा निवडलेला असू शकतो, पोर्ट चुकीचा असू शकतो, किंवा पहिल्या दोन पिनांना भलतेच काही जोडलेले असू शकते. संदेश एकच, कारणे तीन-चार. सवयीने मुले ती शोधायला शिकतात. सवय होईपर्यंत गेलेल्या दुपारींचा हिशोब मात्र कुणी ठेवत नाही.

बिघाड झाला की थांबावे आणि कुठे झाला ते दाखवावे, ही कल्पना सोलापूरच्या गिरणगावाला नवी नाही. जपानच्या साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पुरा केलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबे. आजच्या टेरी टॉवेलच्या आधुनिक मागांवरही ताण्याचा प्रत्येक उभा धागा एका पातळ धातूच्या पट्टीतून गेलेला असतो. धागा ताठ असेपर्यंत पट्टी वर तोललेली राहते. तो तुटला की ती खाली पडते, विद्युतमंडल पूर्ण होते आणि माग थांबतो. विणकर रांगेत पडलेली पट्टी शोधतो, गाठ मारतो आणि माग पुन्हा सुरू करतो. यात तीन गोष्टी एकत्र आहेत : काम पुढे रेटले जात नाही, वाईट कापड विणले जात नाही, आणि दोषाची जागा दाखवली जाते. शंभर वर्षांपूर्वीच्या या यंत्राने केले तेवढे जरी प्रयोगशाळेतल्या प्रोग्रॅमने केले, तरी निम्मी लढाई जिंकली.

ते न केल्याने माणसे मेली आहेत. कॅनडात बनलेले थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रचंड जादा मात्रा देऊन गेले. त्यांतले किमान तिघे त्यामुळे दगावले. टेक्सासमधल्या टायलर गावी १९८६ मध्ये चालिकेसमोर पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच आले. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत ५४ चा अर्थ दिलेला नव्हता. पडद्यावरची मात्रा तर ठरलेल्यापेक्षा फारच कमी दिसत होती : २०२ एककांऐवजी ६. असे संदेश त्या यंत्रावर वरचेवर येत आणि एक कळ दाबून पुढे जाता येई, म्हणून ती कळ दाबली गेली. रुग्णावर दुसऱ्यांदा किरण पडले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या प्रकरणाची तपशीलवार चिकित्सा प्रसिद्ध केली. मूळ दोष सॉफ्टवेअरच्या आतला होता आणि यंत्रातले जुने यांत्रिक अडसर काढून टाकलेले होते, हे खरे. पण त्या पडद्यावर ‘किती किरण गेले ते सांगता येत नाही, रुग्णाला तपासा’ असे वाक्य असते आणि पुढे जाण्याची कळ इतकी सोपी नसती, तर चालिकेचा हात थांबला असता, असे मानायला भरपूर जागा आहे. काहीही न सांगणारा संदेश रोज दाखवला की माणूस तो वाचणे सोडतो. हा दोष माणसाच्या माथी मारता येत नाही.

२८ मार्च १९७९ च्या थ्री माइल आयलंड अणुभट्टीच्या अपघातात एका दिव्याची कथा आहे. झडप बंद झाली की तो विझे, असा चालकांचा समज होता. प्रत्यक्षात झडपेला ‘बंद हो’ ही आज्ञा गेली की तो विझत असे. झडप उघडीच अडकली होती. आपल्या प्रयोगशाळांतल्या कितीतरी प्रोग्रॅममध्ये पडद्यावरचे ‘तापमान ३००’ हे असेच आज्ञेचे तापमान असते, भट्टीचे नसते. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दाखवण्याचा नियम यातूनच निघतो.

विचित्र आकडा दिसला की तो फेकून द्यावा, असाही अर्थ इथे काढू नये. १९८५ च्या मे महिन्यात फारमन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनची घसरण ‘नेचर’मध्ये मांडली. निंबस-७ उपग्रहाच्या माहितीत १८० डॉबसन एककांखालच्या नोंदींवर संशयाची खूण पडत होती. त्या नोंदी जपून ठेवलेल्या असल्यामुळे नंतर त्या तपासता आल्या आणि घसरण केवढ्या प्रदेशावर पसरली आहे ते दिसले. खूण करावी, नोंद पुसू नये.

मोजणी सुटसुटीत पार पडली तरी माहिती पुढे एक्सेलमध्ये जाते आणि तिथे दुसरे डिफॉल्ट वाट पाहत असतात. सेप्ट२ किंवा मार्च१ अशी जनुकांची नावे एक्सेल तारखा समजून बदलत असे. एक्सेलमधल्या जनुक-याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात अशा चुका सापडल्याचे २०१६ मध्ये ‘जीनोम बायॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावे बदलावी लागली. आपोआप होणारा बदल बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये दिली. आपल्याकडे सॅम्पलला ३-५ असे नाव देणाऱ्याला ते ३ मे झालेले सापडते. सॅम्पलची नावे अक्षराने सुरू करावीत आणि फाइलच्या माथ्यावर एकके लिहावीत, हे प्रोग्रॅमनेच आपणहून करावे.

सुधारणा कुठून सुरू करायची, याचे उत्तर बरेच सोपे आहे. एससीपीआय बोलणारे प्रत्येक उपकरण आपल्या चुका एका रांगेत साठवून ठेवते. उणे ११३ म्हणजे आज्ञा ओळखता आली नाही, उणे २२२ म्हणजे मागितलेला आकडा मर्यादेबाहेर. ‘काही चूक आहे का’ असे प्रोग्रॅमने विचारले तरच ती रांग एकेक करून रिकामी होते. शून्य आले की संपली. विचारलेच नाही, तर रांग भरते, तिच्या शेवटच्या जागी ‘रांग ओसंडली’ ही उणे ३५० ची नोंद बसते आणि त्यानंतरच्या चुका हरवतात. प्रत्येक महत्त्वाच्या आज्ञेनंतर ही विचारणा करणारे छोटे फंक्शन लिहिले, आणि उत्तराबरोबर कोणती आज्ञा, कोणता आकडा, कोणत्या उपकरणाला पाठवला होता तेही दाखवले, तर विभागातल्या निम्म्या तक्रारी स्वतःहून बोलू लागतील. पायथॉनच्या कर्त्यांनीही हे मनावर घेतले आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीत कंस बंद करायला विसरले की कोणता कंस उघडा राहिला ते दाखवले जाते. पूर्वी पुढच्याच कुठल्या तरी ओळीला दोष दिला जाई. एवढी प्रगल्भ भाषा तीस वर्षांनी आपली वाक्ये सुधारते, यातून या कामाचे मोल कळते.

ही दुरुस्ती आपल्या हातांनी करता येण्याजोगी साधनेही भारतातच आहेत. नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात अजित कुमार यांच्या पुढाकाराने ‘फिनिक्स’ प्रकल्प उभा राहिला आणि त्यातून ‘एक्सपआइज’ हे प्रयोगशाळेचे छोटे उपकरण आले. त्याचे सॉफ्टवेअर पायथॉनमध्ये आहे आणि मुक्त आहे. महाविद्यालयातल्या शिक्षिकेला त्यातले एखादे वाक्य खटकले, तर ती ते स्वतः बदलू शकते, मराठीतही लिहू शकते. सोलापुरात घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी आणि मराठीतून शिकलेली मुले एकाच बाकावर बसतात. इंग्रजी वाक्याचा शेवट लागेपर्यंत त्यांतल्या कितीतरी जणांचे लक्ष आकड्यावरून उडालेले असते. ‘केबल जोडलेली नाही, पोर्ट ३ तपासा’ हे सगळ्यांना एका नजरेत कळते. तांत्रिक सांकेतिक क्रमांक शेजारी ठेवायला हरकत नाही. कंपनीला फोन करताना तो लागतो.

हे काम फक्त लहान प्रयोगशाळांपुरते आहे, असे समजू नये. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण चालते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. तिथल्या चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा हजारो संवेदकांच्या भरवशावर चालतील. अमेरिकेतली लायगो ‘एपिक्स’ ही नियंत्रणप्रणाली वापरते. तिच्यात प्रत्येक आकड्याबरोबर त्याची अवस्था नोंदलेली असते : ठीक, किरकोळ, गंभीर, किंवा अविश्वसनीय. चौथी पायरी फार महत्त्वाची आहे, कारण आकडा वाईट असणे आणि आकड्यावर विश्वासच नसणे या दोन वेगळ्या स्थिती आहेत. सोलापूरच्या एखाद्या पदवीधराला उद्या औंढ्याला काम मिळाले, तर त्याने हा भेद आपल्या दहा हजारांच्या सेटअपवर आधीच शिकलेला असावा.

पुढच्या प्रकरणांत उपकरणागणिक डिफॉल्ट कुठे पाहायचे, ते कोणत्या कारणाने ठरले आणि आपल्याकडे कोणते बदलायचे याची माहिती येते; मग संदेश लिहिण्याची पद्धत, कोडच्या नमुन्यांसह. शेवटच्या प्रकरणात प्रकल्प-अहवालातल्या एका जादा पानाचा आराखडा आहे. त्या पानावर विद्यार्थ्याने बदललेला प्रत्येक डिफॉल्ट जुन्या आणि नव्या आकड्यासह लिहायचा, काम अडवणारा प्रत्येक संदेश जसाच्या तसा उतरवायचा आणि खरे कारण काय निघाले ते त्याखाली नोंदवायचे. पुढच्या वर्षीच्या तुकडीला ते पान पहिल्याच दिवशी द्यायचे, आणि अंतर्गत मूल्यमापनात त्याला गुण ठेवायचे.